पिकनिकचं बजेट, आईचा रविवार

सोमवारी सकाळी कुठल्याही ऑफिसच्या पॅन्ट्रीत जा, कॉफी मशीनशेजारी एकच विषय असतो. वीकएन्डला कुठे? कुणी मुळशीच्या रिसॉर्टवर, कुणी पवनेच्या काठी तंबूत, कुणी कामशेतला पॅराग्लायडिंगला. माणशी अडीच-तीन हजार, ब्रेकफास्ट धरून, रात्री शेकोटी! मी फ्रीलान्सर. त्यामुळे पॅन्ट्रीत माझं येणं-जाणं पाहुण्यासारखंच. पण कान उघडे असतात आणि मनातल्या मनात गुणाकार चालू असतो. आमच्या घरात माणसं सात. आजी, आई, बाबा, दादा, वहिनी, सहा वर्षांचा भाचा आणि मी. सात गुणिले अडीच हजार म्हणजे साडेसतरा हजार. लेख छापून आल्यावर तीन महिन्यांनी जिच्या खात्यात पैसे पडतात, तिनं असले गुणाकार करू नयेत. बीपी वाढतं.

मग आपला देशी फंडा. स्वस्त, उघड्यावर आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन. पुण्यात राहणाऱ्या माणसाला यासाठी गाडी लागत नाही आणि रिसॉर्टही लागत नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे. (आमच्याकडे गाडी नाही, हा त्या विश्वासाचा पाया. असो.)

गेल्या नोव्हेंबरात मी रीतसर एक्सेल शीट बनवली. एका रांगेत ठिकाणं, पुढे प्रवास, प्रवेशाचं तिकीट, खाणं आणि एकूण. आकडे बघून खरंच गुदगुल्या व्हायला लागल्या. पुणे-लोणावळा लोकलचं तिकीट वीस रुपयांच्या आसपास. मळवलीला उतरायचं, एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ला. दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, तिकीट २५ रुपये आणि पंधरा वर्षांखालच्या पोरांना तेही नाही. पीएमपीचा दिवसाचा पास १ जून २०२५ पासून सत्तर रुपयांचा झाला, त्याबद्दल बाबांनी अजून कुणालाही माफ केलेलं नाही. पण त्या सत्तर रुपयांत दिवसभर शहर पालथं घालता येतं. मेट्रोला शनिवार-रविवारी ३० टक्के सूट. पाताळेश्वर फुकट, वेताळ टेकडी फुकट.

सगळ्यात सॉलिड हिशेब मात्र एसटीचा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. म्हणजे आई, वहिनी आणि मी अर्ध्यात. पासष्टच्या पुढच्यांनाही अर्धं, म्हणजे बाबा अर्ध्यात. बारा वर्षांखालचा भाचा अर्ध्यात. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही, म्हणजे आजी फुकट! आमच्या घरात एसटीचं फुल तिकीट काढणारा एकच इसम उरतो, तो म्हणजे दादा. सात माणसं, साडेतीन तिकिटं. हा आकडा मी ठळक केला आणि पिवळा रंग दिला.

रात्री जेवताना शीट वाचून दाखवली. बाबा खूश. दादा मोबाइलमधून डोकं वर काढून ‘चालेल’ म्हणाला. आई तव्यावर पोळी टाकत होती. ती म्हणाली, ‘जा की तुम्ही सगळे. मी आणि आजी थांबतो घरी. तीच माझी पिकनिक.’

हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येत असेल. त्यावर पुढची प्रतिक्रियासुद्धा ठरलेली असते. ‘तिला नाही आवडत बाहेर,’ बाबा म्हणाले आणि विषय ताकात बुडाला. पण मी पत्रकार आहे, एका बाइटवर बातमी करत नाही. ओट्यापाशी जाऊन उलटतपासणी सुरू केली. आवडत नाही म्हणजे नक्की काय आवडत नाही? झाडं? हवा? आम्ही?

‘बाहेर जायला आवडतं गं,’ आई म्हणाली. ‘बाहेर जायच्या आधीचं आणि नंतरचं आवडत नाही.’

मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं टिपून घेतलं. आदल्या रात्री बटाटे उकडायचे. पहाटे साडेचारला उठायचं. तिखट-मिठाच्या पुऱ्या, सात माणसांना माणशी सहा धरल्या तरी बेचाळीस, आणि दादा सहावर थांबत नाही. बटाट्याची सुकी भाजी. आजीला पुरी चावत नाही म्हणून दहीभात वेगळा. भाच्याला तिखट नको म्हणून साध्या पुऱ्या वेगळ्या. थर्मासात चहा, चिवड्याचा डबा, सतरंजी, वर्तमानपत्रं, नॅपकिन, आजीच्या गोळ्या. तिथे पोचल्यावर सगळ्यांना वाढायचं. वाढणारी बाई शेवटी जेवते, तोवर बाकीचे पत्ते काढून बसलेले असतात. संध्याकाळी घरी आलं की तेलकट डबे घासायचे, कारण ‘आज सगळे दमलेत’. आणि सोमवारी सकाळी साडेपाचला पुन्हा दादाचा डबा आहेच.

‘आणि दिवसभर पाणी पीत नाही मी,’ ती जाता जाता म्हणाली, जणू ही काही बातमीच नव्हे. का? तर तिथे बाथरूम असेल-नसेल, असलं तरी जाण्यासारखं असेल-नसेल. त्यामुळे निघण्याआधी अर्धा कप चहा, त्यावर परत येईपर्यंत घोट-घोट. वहिनी मागे उभी होती. ‘मीपण,’ एवढंच म्हणाली. आता खरं सांगा, तुमच्या ऑफिसच्या ग्रुपमधल्या मुली ट्रेकला पाण्याची बाटली भरून नेतात आणि भरलेलीच परत आणतात की नाही? आमच्या घरातल्या पुरुषांना मात्र हे ऐकून धक्का बसला.

म्हणजे बघा. माझ्या शीटमध्ये ‘खाणं’ या रकान्यात जे २०० रुपये होते, ते फक्त पीठ, तेल आणि बटाट्याचे. ‘घरचा डबा नेला की पैसे वाचतात’ हा सगळ्या बजेट पिकनिकांचा पहिला नियम, पिकनिकवरच्या प्रत्येक लेखात तो असतो. पण ते पैसे वाचत नाहीत. ते पहाटे साडेचारला एका माणसाकडून वसूल होतात, आणि शेवटी तो माणूस म्हणतो, मी घरीच थांबते.

शीटमध्ये मी तीन रकाने वाढवले. पायऱ्या. बाथरूम. डबा कोण करणार. आणि मजा म्हणजे, हे रकाने आल्याबरोबर पुण्याच्या आसपासची अख्खी यादी उलटीपालटी झाली.

कार्ला घ्या. तिथलं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सगळ्यात मोठं, लाकडाच्या कमानी आजही छताला आहेत, मी तिथे चार वेळा गेले आहे आणि पाचव्यांदा जाईन. पण वर जायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आणि आईचे दोन्ही गुडघे कुरकुरणारे. भाजे तुलनेनं शांत, पण स्टेशनपासून चालत अर्धा-पाऊण तास आणि वर पायऱ्या आहेतच. शिवाय लोकलमध्ये बाथरूम नसतं आणि दुपारच्या वेळी गाड्या कमी, एक चुकली तर प्लॅटफॉर्मवरच पिकनिक. पर्वतीला १०३ पायऱ्या. आजीनं ऐंशीच्या दशकात रोज चढल्या म्हणे. आता ती खालूनच नमस्कार करते. सिंहगडावर मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी आयती मिळते, म्हणजे डब्याचा प्रश्न मिटला. पण पायथ्यापासून वर जायचं तर जीपमध्ये कोंबून घ्यायचं आणि रविवारी घाटात गाड्यांची ही रांग. आजीला घेऊन? नको.

पावसाळ्यातले धबधबे मी यादीतून आधीच उडवले होते. तेही ‘फुकट’ या सदरात मोडतात, म्हणून मुद्दाम लिहिते. ३० जून २०२४ ला, रविवारीच, भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुलं होती. पाणी बघता बघता वाढलं होतं. पुढच्या वर्षी १५ जूनला, तोही रविवार, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीसकट कोसळला आणि चार जण गेले. हे सगळे तुमच्या-आमच्यासारखेच, सुट्टीच्या दिवशी पैसे न मोडता पोरांना पाणी दाखवायला निघालेले लोक. डोंगरातलं पाणी आपल्या डोक्यावर पडणाऱ्या पावसानं वाढत नाही, वर कुठेतरी पडलेल्या पावसानं वाढतं. त्यामुळे ‘इथे तर पाऊस नाहीये’ याला काही अर्थ नसतो. पावसाळ्यात बंदीचे आदेश निघाले की लोक वैतागतात. मी नाही वैतागत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर जून ते सप्टेंबर वाहत्या पाण्यात पाय घालायचा नाही, या विषयावर आमच्या घरी चर्चा होत नाही.

मग राहिलं काय? बरंच काही राहिलं. सिंहगड रोडवरची पु. ल. देशपांडे उद्यानातली जपानी बाग, २००६ सालची, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली. सपाट रस्ते, पाणी, मासे, भाच्याला पूल. फक्त सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद, त्यामुळे दिवसभराचा बेत नाही, दोन तासांचा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय प्रचंड पसरलेलं, पण आत बॅटरीवरची गाडी मिळते आणि आजी त्या गाडीत महाराणीसारखी बसते. बुधवारी बंद, हे लक्षात ठेवा. रेसकोर्सजवळची एम्प्रेस गार्डन म्हणजे जुन्या, आभाळाएवढ्या झाडांखाली नुसतं बसण्यासाठीच आहे. जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा गर्दी असते, एरवी निवांत. आणि अगदीच अर्धा दिवस असेल तर मेट्रोनं शिवाजीनगर परिसरात उतरून पाताळेश्वर. जंगली महाराज रोडच्या गोंगाटात आठव्या शतकातलं लेणं आणि त्याच्या आवारात गार सावली. मेट्रो स्टेशनांत लिफ्ट आहे आणि बाथरूमही. त्या बाथरूमपायी आमच्या वहिनीनं मेट्रोला दहापैकी दहा मार्क दिलेत.

पण आईला शहराबाहेर जायचं होतं. ‘होर्डिंग दिसणार नाही असं कुठेतरी,’ एवढीच तिची अट. तीनही रकाने लावून जे नाव उरलं ते काही नवीन नव्हतं. बनेश्वर! सातारा रस्त्यावर नसरापूरजवळ, पुण्यापासून पस्तीस-छत्तीस किलोमीटर. पुण्यातल्या निम्म्या शाळांच्या सहली तिथे जाऊन आल्या असतील. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं शंकराचं देऊळ, भोवती दाट झाडी, बाग, छोटासा ओढा. पायऱ्या जवळजवळ नाहीतच. आणि देवळात टांगलेली पोर्तुगीज घंटा, तिच्यावर क्रॉस आणि १६८३ हे साल. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली. शंकराच्या देवळात क्रॉसची घंटा! आजीनं तिला हात जोडले, ‘देवाचीच आहे ना, मग झालं.’

ठिकाण ठरलं, तरी खरी लढाई डब्याची होती. मी म्हटलं, आई काही करणार नाही. बाबा म्हणाले, ‘मग खायचं काय? बाहेरचं? सात जणांचं?’ त्यांचं चुकीचं नव्हतं. हायवेवरच्या हॉटेलात सात थाळ्या घेतल्या तर माझ्या पिवळ्या रकान्याचं वाटोळं झालं असतं. वहिनीनं उपाय काढला. भेळ! घरी गॅस पेटवायचाच नाही. चुरमुरे, फरसाण, शेंगदाणे आदल्या दिवशी दुकानातून आणायचे. कांदा, टोमॅटो, कैरी, कोथिंबीर तिथे जाऊन चिरायची. आजीसाठी केळी आणि मऊ ब्रेड, चितळ्यांची बाकरवडी, आणि चहा तिथल्या टपरीवर. चिरणार कोण? दादा आणि बाबा. बाबांनी आयुष्यात कांदा चिरला होता की नाही याबद्दल आजीला शंका होती, तिनं ती बोलूनही दाखवली. सगळं सामान २६० रुपयांत आलं.

आदल्या रात्री आई तीनदा स्वयंपाकघरात गेली. ‘थोडा मसालेभात तरी...’ ‘नको.’ ‘निदान चार धपाटी...’ ‘आई, झोप.’ काम न करणं हे काम तिच्यासाठी सगळ्यात अवघड. सकाळी साडेसहाला मी उठले तेव्हा ती नेहमीप्रमाणे जागी होती, पण गॅलरीत बसून पेपर वाचत होती. पाठीमागे लपवलेला डबा मला दिसला. रव्याचे लाडू. शुक्रवारीच करून ठेवले होते म्हणे, ‘ते काय पिकनिकचे नाहीत’.

वनाजहून मेट्रोनं निघालो. डिस्ट्रिक्ट कोर्टला गाडी बदलताना आजीनं खाली वाकून पाहिलं. ते स्टेशन जमिनीखाली तेहतीस मीटर आहे. ‘पाताळात आणलंत की काय रे?’ भाचा सरकत्या जिन्यावरून हलायला तयार नाही. स्वारगेटला भोरची एसटी. कंडक्टरनं आधार कार्डं बघितली, हिशेब केला आणि दादाकडे सहानुभूतीनं पाहिलं. ‘तुमचं एकट्याचं फुल.’ चेलाडी फाट्याला उतरून पुढे टमटम. साडेदहाला आम्ही झाडाखाली सतरंजी पसरून बसलो होतो.

पुढचं सगळं काही मी सांगत बसत नाही, कारण खास असं काही घडलंच नाही. भाच्यानं देवळाच्या कुंडातले मासे मोजले आणि दर वेळी आकडा वेगळा आला. बाबांनी कांदा चिरला, जाडजूड, डोळे पुसत पुसत. भेळ जरा कोरडीच झाली, चिंच कमी पडली. वाढलं दादानं, आणि पहिली प्लेट आईला दिली. तिनं सवयीनं ती आजीकडे सरकवली. आजीनं परत ढकलली. ‘तू खा गं. मला केळं आहे.’

जेवण झाल्यावर पत्ते निघाले. बदाम सातचा दुसरा डाव चालू होता, आई खेळत होती, आणि मध्येच तिनं पत्ते खाली ठेवले. म्हणाली, जरा पाठ टेकते. पदर तोंडावर घेतला आणि झोपली. अशी तशी नाही, गाढ. बारीक घोरत. उघड्यावर, परक्या माणसांच्या येण्या-जाण्यात, दुपारी एक वाजता. बाबा दोनदा उठून बघून आले, तिसऱ्यांदा तिच्या पायाशी बसून राहिले, चपला राखत बसल्यासारखे. ‘हिला बरं नाहीये का?’ त्यांनी हळूच आजीला विचारलं. आजी म्हणाली, ‘झोपली आहे ती. तुझ्या लग्नात पण पाटावर पेंगत होती, तीन दिवस राबवलं होतं तिच्या माहेरच्यांनी.’ ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती. बाबांनाही नाही.

पन्नास मिनिटांनी उठली. आधी बाटलीभर पाणी प्यायली, घटाघट. मग म्हणाली, ‘चहा कुठे मिळतो?’

खर्चाचं सांगायला हवं, नाहीतर या लेखाला काही अर्थ नाही. एसटी जाऊन-येऊन साडेचारशेच्या आत, टमटम तीनशे, भेळ २६०, टपरीवरचा चहा आणि दोन प्लेट भजी (भजीचा मोह टळला नाही) साडेतीनशे, बागेचं तिकीट आणि मेट्रो धरून सगळं मिळून सतराशेच्या आत. माणशी अडीचशेसुद्धा नाही. आई पुऱ्या करून आली असती तर हाच आकडा जास्तीत जास्त दीडशे-दोनशे रुपयांनी खाली आला असता. बाबांना तो फरक मी शीटवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि काही न बोलता शीट परत दिली.

तुम्ही तुमच्या घरची शीट बनवणार असाल तर एकच सुचवते, रकाने वाढवण्याआधी स्वयंपाकघरात एक चक्कर मारा. आमच्याकडे जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनाला एम्प्रेस गार्डन ठरलं आहे. कांदे बाबांकडे. चिंचेची चटणी या वेळी विकतची आणायची की नाही यावर आई आणि वहिनी यांचं अजून एकमत झालेलं नाही.